चित्ररथाच्या सर्किटमधील दहा डायोड: प्रत्येकाचे काम काय?

वाळवंटीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या गावचे मंडळ यंदा शिमगोत्सवाच्या मिरवणुकीसाठी जो चित्ररथ उभारत आहे, त्यातील एका मोठ्या आकृतीचा हात वर-खाली हलवण्याची योजना आहे. त्यासाठी गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, ती दोन्ही दिशांनी फिरवण्यासाठी दोन रिले (कॉईलमधून प्रवाह गेला की चुंबकाने ओढले जाणारे स्विच), त्या रिलेंना चालवणारे बीसी५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर आणि एक आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रामप्रमाणे पिनांवरील वीज चालू-बंद करणारा छोटा संगणक) अशी जुळणी मंडळातील एका जाणत्या कार्यकर्त्याने कागदावर काढून दिली आहे. वीज ट्रकवरील जनरेटरमधून ट्रान्सफॉर्मरद्वारे येते आणि जनरेटर मध्येच थांबला तरी सर्किट चालू राहावे म्हणून मोटरला वीज देणारी १२ व्होल्टची बॅटरीही त्याला जोडलेली आहे.

जोडणीचे काम माझे बारावीचे विद्यार्थी करणार आहेत. त्यांनी आकृतीतील डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणारे घटक, मोजले, तेव्हा ते दहा भरले. चार रेक्टिफायरच्या (प्रत्यावर्ती विजेची एकाच दिशेची वीज करणाऱ्या भागाच्या) ब्रिजमध्ये आहेत, दोन्ही रिलेंच्या कॉईलवर एकेक आहे, ट्रान्सफॉर्मरकडील वीज आणि बॅटरीची वीज एकत्र येते तेथे दोन आहेत आणि ट्रकच्या केबिनमधील बटणाची लांब वायर आर्डुइनोच्या पिनला मिळते तेथे दोन छोटे डायोड आहेत. पाठ्यपुस्तकातून मुलांना संधी डायोडचा आलेख आणि रेक्टिफायर ठाऊक आहे, त्यामुळे ब्रिजचे चार डायोड त्यांनी लगेच ओळखले. रिलेवरील डायोडापाशी मात्र सगळे अडले. त्याचा कॅथोड, म्हणजे प्रवाह जेथून बाहेर पडतो ते टोक, १२ व्होल्टच्या धन बाजूला आणि अ‍ॅनोड ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडलेला आहे, म्हणजे तो रिव्हर्स बायसमध्ये आहे आणि त्यातून कधीच प्रवाह वाहणार नाही. मग तो तेथे लावायचाच कशाला, असे त्यांनी विचारले.

या दहांपैकी प्रत्येक डायोड कोणत्या कामासाठी आहे, आणि एके ठिकाणी १एन४००७, दुसरीकडे १एन५८१९, तिसरीकडे १एन४१४८ असे निरनिराळे क्रमांक का लिहिले आहेत, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

---

फोंड्याचा दुरुस्तीवाला

नमस्कार बाई. मुलांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. कॉईलवरील डायोडातून प्रवाह वाहत नाही, हे रिले चालू असेपर्यंत खरे आहे. तो डायोड लावलेला आहे तो रिले बंद होतानाच्या काही मिलिसेकंदांसाठी.

१२ व्होल्टच्या साध्या छोट्या रिलेच्या कॉईलचा रोध सुमारे ४०० ओहम असतो, म्हणजे रिले ओढलेला असताना तिच्यातून ३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. कॉईलमधील प्रवाह एकाएकी शून्य होऊ शकत नाही, हे लेंझच्या नियमातून निघते आणि तो मुलांनी शिकलेला आहेच. ट्रान्झिस्टर बंद झाला की तो प्रवाह त्याच दिशेने पुढे वाहू पाहतो, वाट न मिळाल्यामुळे कॉईलच्या टोकांवरील व्होल्टेजची दिशा उलटते आणि कलेक्टरकडील टोक १२ व्होल्टच्या पुष्कळ वर चढत जाते. बीसी५४७ चा कलेक्टर जास्तीत जास्त ४५ व्होल्ट सहन करण्यासाठी बनवलेला असतो, आणि मोकळ्या सुटलेल्या कॉईलचे व्होल्टेज शंभराच्या पलीकडेही सहज जाते. डायोड जोडलेला असेल तर कलेक्टर १२.७ व्होल्टच्या आसपास पोहोचताच तो फॉरवर्ड बायसमध्ये येतो, म्हणजे वाहू लागतो, आणि कॉईलचा प्रवाह कॉईल आणि डायोड एवढ्याच वर्तुळात फिरत फिरत विरून जातो.

हे वर्गात दाखवता येते आणि ते अवश्य दाखवा. स्विचबोर्डवर लावतात तो निऑन इंडिकेटर घेऊन रिलेच्या कॉईलला समांतर जोडा, ट्रान्झिस्टर न वापरता साध्या पुशबटणाने कॉईलला १२ व्होल्ट द्या आणि बटण सोडा. निऑन पेटायला साधारणपणे ६० ते ९० व्होल्ट लागतात, तरीही १२ व्होल्टच्या बॅटरीवर बटण सोडताक्षणी तो लुकलुकतो. खोलीत थोडा अंधार केला तर मागच्या बाकावरील मुलांनाही दिसेल. मग त्याच कॉईलवर डायोड जोडून पुन्हा बटण सोडा, म्हणजे निऑन पेटणार नाही. डायोड नसताना कॉईलच्या उघड्या टोकांना मात्र कोणी बोट लावू नये, कारण चांगला झटका बसतो.

डायोडातील प्रवाह कॉईलमध्ये आधीपासून वाहत असलेल्या प्रवाहापेक्षा कधीही जास्त नसतो, येथे तो ३० मिलिअँपिअरपासून सुरू होऊन उतरत जातो. म्हणून १एन४००७ च्या जागी छोटा १एन४१४८ लावला तरी रिलेसाठी चालतो. दुकानात हाताला पटकन मिळतो आणि जाड पायांमुळे बोर्डावर घट्ट बसतो, म्हणून बहुतेक जण १एन४००७ वापरतात.

दिशा मात्र चुकता कामा नये. डायोडावरील पट्टीचे टोक म्हणजे कॅथोड, आणि ते धन बाजूलाच हवे. उलटा बसवला तर ट्रान्झिस्टर चालू होताच डायोड कॉईलला वळसा घालून कलेक्टरला थेट १२ व्होल्टशी जोडतो. आर्डुइनोचे ५ व्होल्ट ४.७ किलोओहममधून बेसला (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या पायाला) दिले, तर बेसमध्ये सुमारे ०.९ मिलिअँपिअर प्रवाह जातो. ट्रान्झिस्टरचे वर्धन २०० धरले तर कलेक्टरमधून १८० मिलिअँपिअर वाहतील आणि तेही कलेक्टरवर ११ व्होल्टहून अधिक व्होल्टेज असताना. म्हणजे जवळजवळ दोन वॅट उष्णता, आणि हा ट्रान्झिस्टर सोसतो सुमारे अर्धा वॅट. तो काही क्षणांतच जातो. म्हणून मुलांनी सोल्डर करण्याआधी दोन्ही पट्ट्या एकमेकांना दाखवून खात्री करून घ्यावी.

या डायोडामुळे रिले सुटायला किंचित उशीर होतो, कारण कॉईलचा प्रवाह सावकाश उतरतो. आकृतीचा हात हलवण्याच्या कामात तो जाणवणारही नाही. जेथे चटकन सुटणे आवश्यक असते, तेथे डायोडाशी एकसरीत (एकापाठोपाठ) २४ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाहू लागणारा डायोड, उलट दिशेने जोडतात. मग कलेक्टर ३७ व्होल्टच्या आसपास जातो, ट्रान्झिस्टर सुरक्षित राहतो आणि प्रवाह लवकर संपतो.

---

निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, पणजी

वरील उत्तर उत्तम आहे, त्यात रिलेबद्दल भर घालण्याजोगे काही नाही. मी वीजपुरवठ्याकडे वळतो, कारण मुलांना ‘समजला’ असे वाटणारा ब्रिजच सर्वांत जास्त त्रास देतो.

ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट लिहिलेले असतात ते प्रत्यावर्ती व्होल्टेजचे परिणामी मूल्य होय. त्याचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते. ब्रिजमध्ये प्रत्येक अर्धचक्रात दोन डायोड एकसरीत येतात, त्यांचे मिळून १.४ व्होल्ट वजा केले की कपॅसिटरवर १५.५ व्होल्ट मिळतात. ही झाली शिखराची गोष्ट. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात ब्रिजकडून कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो आणि मधल्या काळात सर्किट त्यातून प्रवाह काढत असते. प्रवाह गुणिले वेळ भागिले धारिता एवढ्या साध्या हिशेबाने व्होल्टेज किती घसरेल ते काढता येते. अर्धा अँपिअर प्रवाह आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर घसरण येते ५ व्होल्ट, म्हणजे तळाशी उरले १०.५. पुढे ७८१२ रेग्युलेटर (स्थिर १२ व्होल्ट देणारा घटक) असेल तर त्याला आत किमान १४ व्होल्ट लागतात, तेव्हा बाहेर १२ व्होल्ट सरळ न येता सेकंदाला शंभर खड्डे पडलेले येतील. २२०० मायक्रोफॅरड घेऊनही तळ १३.२ वरच राहतो. ४७०० घेतला तर १४.४ मिळतात, पण जनरेटरवर भार आला आणि २३० चे २१० झाले की तेही पुरणार नाहीत. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर ही जोडी मला अधिक विश्वासाची वाटते. रेग्युलेटरला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मात्र द्यावेच लागेल.

येथे १एन४००७ का, तर त्यातून सरासरी १ अँपिअर वाहू शकतो, आणि कपॅसिटर भरताना जे छोटे पण मोठ्या उंचीचे झटके येतात तेही तो सोसतो. रिव्हर्स व्होल्टेज म्हणाल तर या ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडावर वीसेक व्होल्टच पडतात, त्यामुळे हिशेबाने ५० व्होल्टचा १एन४००१ पुरे होतो. परंतु १००० व्होल्टच्या १एन४००७ ची किंमत जवळजवळ तेवढीच असते आणि जनरेटरच्या विजेत उसळ्या असतात, म्हणून सढळ हात ठेवलेला बरा. एकच डायोड वापरून अर्धतरंग रेक्टिफायर केला असता, तर कपॅसिटर भरलेला असताना उलट अर्धचक्रात डायोडावर शिखराच्या दुप्पट व्होल्टेज आले असते, हे विद्यार्थ्यांना आकृती काढून जरूर दाखवा. परीक्षेत हा भाग सहसा येत नाही, पण डायोड निवडताना पहिल्यांदा याचाच विचार करावा लागतो.

आता एकत्र येणारे दोन डायोड. दोन्हींचे कॅथोड एकत्र जोडलेले असतात, म्हणून ज्या बाजूचे व्होल्टेज जास्त ती बाजू सर्किटला वीज देते आणि दुसरीचा डायोड रिव्हर्स बायसमध्ये जाऊन बंद राहतो. एकाची वीज दुसऱ्यात शिरत नाही. कागदावर हे सुंदर दिसते, परंतु आपल्या आकृतीत एक अडचण असण्याची शक्यता आहे. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवते. रेग्युलेटर ७८१२ असेल तर त्याच्याकडून येतात १२. म्हणजे जनरेटर व्यवस्थित चालू असतानाही सर्किट बॅटरीवरच चालेल आणि राखीव ठेवलेली वीज मिरवणुकीच्या सुरुवातीपासून संपू लागेल. यावर उपाय असा, की ७८१२ च्या जागी एलएम३१७ हा व्होल्टेज हवे तसे बसवता येणारा रेग्युलेटर घेऊन तो १४ व्होल्टवर बसवावा. डायोडानंतर सुमारे १३.६ व्होल्ट उरतील, जे १२ व्होल्टच्या रिलेला चालतात, आणि जनरेटर थांबला तरच बॅटरी पुढे येईल.

या जागी १एन५८१९ लिहिला आहे तो शॉट्की डायोड होय. त्यात दोन अर्धवाहकांची संधी नसून धातू आणि अर्धवाहक यांची संधी असते. साध्या सिलिकॉन डायोडात ०.७ व्होल्ट किंवा थोडे अधिक खर्ची पडतात, तर याच्यात कमी प्रवाहावर ०.३ ते ०.४ एवढेच. बॅटरी उतरत आली असताना हा फरक मोलाचा ठरतो. त्याची मर्यादाही सांगतो. तो रिव्हर्समध्ये फक्त ४० व्होल्टपर्यंतचा आहे आणि तापला की त्याची गळती बरीच वाढते, म्हणून पत्र्याच्या बंद पेटीत हीटसिंकला चिकटवून त्याला बसवू नये.

बॅटरीकडील याच डायोडाने आणखी एक काम होते. मिरवणुकीच्या गडबडीत कोणी बॅटरीच्या क्लिपा उलट्या लावल्या, तर तो रिव्हर्स बायसमध्ये जाऊन पुढच्या सर्किटला धक्काही लागू देत नाही. मोटरची वायर मात्र बॅटरीवरून स्वतंत्र न्यावी आणि तिच्यात फ्यूज घालावा, कारण मोटरचा प्रवाह या डायोडाला पेलणारा नाही.

---

वाळवंटीकाठ

दोघांचेही मनापासून आभार, देव बरे करो. आकृती पाहिली, रेग्युलेटर ७८१२ च आहे, तेव्हा ती सूचना लगेच कार्यकर्त्यांना कळवते. निऑनचा प्रयोग सोमवारीच करू.

एक पुरवणी प्रश्न आहे. हात वर टोकाला पोहोचला की मोटर थांबावी म्हणून वर आणि खाली एकेक लिमिट स्विच लावायचा आहे. स्विच मोटरच्या वायरमध्येच घातला तर मोटर टोकाला थांबेल हे खरे, पण स्विच उघडा राहिल्यावर ती परत फिरणार कशी? हे काम पूर्णपणे आर्डुइनोच्या प्रोग्रामवर सोपवावे, असे एका विद्यार्थ्याचे मत आहे.

---

माशेलवासी

आमच्याकडे चतुर्थीच्या देखाव्यांत हलणाऱ्या आकृत्या करताना हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून उत्तर देतो. प्रोग्राम चुकला किंवा बोर्ड अडकला तर मोटर टोकाला जाऊनही ढकलत राहते, हाताचा सांगाडा वाकतो किंवा वायपरचा गिअर तुटतो. ट्रकच्या बाजूने लोक चालत असतात, तेव्हा टोकाला थांबवण्याचे काम तारेतच झालेले बरे. येथे आणखी दोन डायोड लागतील, म्हणजे आपले दहाचे बारा होतील.

दोन्ही लिमिट स्विच एरवी बंद स्थितीत असणारे घ्या आणि मोटरच्या एकाच वायरमध्ये एकापाठोपाठ जोडा. हात टोकाला लागला की त्या टोकाचा स्विच उघडतो. आता प्रत्येक स्विचच्या दोन पायांवर एकेक डायोड समांतर जोडा. वरच्या स्विचवरील डायोडाची दिशा अशी ठेवा, की हात वर नेणारा प्रवाह त्यातून जाऊ शकणार नाही. हात वर पोहोचला, स्विच उघडला, डायोडही अडवतो आहे, म्हणून मोटर थांबली. रिलेंनी मोटरची दिशा बदलली की प्रवाह उलट वाहू पाहतो आणि तो डायोड त्याला वाट देतो. मोटर परत फिरू लागते, हात टोकापासून सुटतो, स्विच पुन्हा बंद होतो, आणि डायोड पुढच्या फेरीपर्यंत निवांत राहतो. खालच्या स्विचवर हीच रचना उलट दिशेने. बोर्डाने हात वर नेण्याची आज्ञा देतच राहायचे म्हटले, तरी हात टोकाच्या पुढे जात नाही.

या दोन डायोडांतून सुरुवातीचे काही क्षण मोटरचा पूर्ण प्रवाह जातो, आणि वायपरची मोटर भाराखाली कित्येक अँपिअर घेते. म्हणून १एन४००७ येथे अजिबात नको. ६ अँपिअरचा ६ए१० घ्यावा. त्याचे पाय जाड असतात, तेव्हा ते स्विचच्या टॅगवर थेट सोल्डर करावेत आणि वर स्लीव्ह चढवावी. आपल्याकडे समुद्राच्या हवेने उघडे जोड लवकर हिरवे पडतात, म्हणून जोडावर वॉर्निशचा एक हात फिरवला तर पुढच्या वर्षीही तेच सामान कामाला येते.

आणखी एक सावधगिरी. रिलेच्या कॉईलवर डायोड लावतो तसा एकच डायोड मोटरच्या टोकांवर कोणी लावू नये. या मोटरची दिशा बदलते, त्यामुळे एका दिशेला तो डायोड फॉरवर्ड बायसमध्ये येऊन बॅटरी सरळ शॉर्ट करील. मोटरचे झटके आवरायचे असतील तर तिच्या प्रत्येक टोकापासून एक डायोड धन बाजूला आणि एक ऋण बाजूला, असे चार डायोड लावतात आणि ते सगळे नेहमीच्या वेळी रिव्हर्स बायसमध्ये राहतील असे बसवतात. निवृत्त सरांनी सांगितलेला फ्यूज मग अधिकच आवश्यक होतो, कारण बॅटरी उलटी लागली तर हे चार डायोड तिला शॉर्ट करतात आणि फ्यूज उडून बाकीचे वाचते.

---

फोंड्याचा दुरुस्तीवाला

माशेलच्या दादांची लिमिट स्विचची जोडणी अगदी बरोबर आहे, तीच करावी. पिनवरील दोन छोट्या डायोडांचे सांगायचे राहिले आहे, तेवढे पुरे करतो.

केबिनमधून येणारी लांब वायर जनरेटर आणि मोटर यांच्या शेजारून जाते, त्यामुळे तिच्यात झटके उमटतात, आणि आर्डुइनोची पिन पाच व्होल्टच्या फार वर किंवा शून्याच्या फार खाली नेता येत नाही. म्हणून पिनपासून एक डायोड ५ व्होल्टकडे आणि दुसरा जमिनीकडे, दोन्ही रिव्हर्स बायसमध्ये बसवतात. व्होल्टेज ५.७ च्या वर जाऊ लागले की पहिला वाहू लागतो, उणे ०.७ च्या खाली जाऊ लागले की दुसरा. झटका अत्यंत थोडा वेळ टिकतो, म्हणून येथे चपळ डायोड हवा. १एन४१४८ फॉरवर्डमधून रिव्हर्समध्ये सुमारे ४ नॅनोसेकंदांत सावरतो, तर १एन४००७ ला त्यासाठी मायक्रोसेकंदांच्या घरातील वेळ लागतो. रिले किंवा ५० हर्ट्‌झच्या ब्रिजमध्ये या फरकाला अर्थ नसतो, पण पुढे कधी मुलांनी मोटरची गती पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) कमी-जास्त करायचे ठरवले, तर तेथेही १एन४००७ सोडून त्याचाच चपळ प्रकार यूएफ४००७ किंवा शॉट्की घ्यावा लागेल.

वायर आणि या दोन डायोडांच्या मध्ये १० किलोओहमचा रोध असलाच पाहिजे, आकृतीत तो आहे का ते पाहा. तो असेल तर चुकून १२ व्होल्ट त्या वायरला लागले तरी डायोडातून ०.६ मिलिअँपिअरच जातील. तो नसेल तर सगळा प्रवाह डायोडावर येईल आणि डायोड गेला की पाठोपाठ पिनही जाईल.

शेवटी तपासणी. मल्टिमीटर डायोडाच्या खुणेवर ठेवला की चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने ०.५५ ते ०.७ दाखवतो, शॉट्की ०.१५ ते ०.३, आणि उलट दिशेने दोघेही काहीच दाखवत नाहीत. दोन्ही दिशांनी शून्याजवळचा आकडा आला तर डायोड शॉर्ट, दोन्ही दिशांनी काहीच नाही आले तर तुटलेला. बोर्डावर बसलेला रिलेचा डायोड तपासताना मात्र कॉईल समांतर असते. मीटर साधारण १ मिलिअँपिअर सोडतो, तो ४०० ओहमच्या कॉईलमधून गेला की दोन्ही दिशांनी ०.४ च्या आसपास आकडा येतो आणि चांगला डायोडही खराब ठरवला जातो. त्याचा एक पाय बोर्डातून सोडवून मगच मोजावे, किंवा सोल्डर करण्याआधीच बाराही डायोड मोजून घ्यावेत.